थ्री इन्व्हेस्टिगेटर्स अजून कोण कोण वाचतं?

जुनीपानं

फेमस फाइव्ह, हार्डी बॉइज, नॅन्सी ड्रू यांच्यावर इथे भरपूर बोलून झालंय. पण लहानपणच्या रहस्यकथांपैकी जी मालिका मी चाळिशी उलटल्यावरही पुन्हा पुन्हा उघडते, ती थ्री इन्व्हेस्टिगेटर्स. बाकीच्यांवर माझं प्रेम आहे ते आठवणींपुरतं. ही पुस्तकं मात्र मला आता लहानपणापेक्षा जास्त आवडतात. असं का, हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात समुद्रकाठी रॉकी बीच नावाचं काल्पनिक गाव, हॉलिवूडपासून फार लांब नाही. तिथली तीन मुलं. ज्युपिटर जोन्स हा गोलमटोल, तल्लख, एकेकाळचा बालकलाकार. आईवडील नाहीत, टायटस काका आणि मॅथिल्डा काकूंकडे राहतो. पीट क्रेनशॉ अंगापिंडाने मजबूत, भुताखेतांना घाबरणारा, आणि तरी दरवेळी पुढे होणारा. बॉब अँड्र्यूज लायब्ररीत काम करतो आणि सगळ्या नोंदी ठेवतो. काकांचा भंगाराचा धंदा आहे, जोन्स सॅल्व्हेज यार्ड. त्या भंगाराच्या ढिगाऱ्यात गाडलेलं एक मोडकं चाकांवरचं घर म्हणजे यांचं हेडक्वार्टर्स. आत टेलिफोन, छोटी प्रयोगशाळा, फोटो धुवायची अंधारी खोली, बाहेर बघायला पेरिस्कोप. आत शिरायच्या वाटाही गुप्त: टनेल टू नावाचा जाड पत्र्याचा पाइप, ईझी थ्री नावाचा जुना दरवाजा. रेड गेट रोव्हर तर कुंपणावर रंगवलेल्या चित्रात आहे. १९०६ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आगीचं ते चित्र, त्यात बसलेला एक कुत्रा, आणि त्याच्या डोळ्यात दडवलेली खिट्टी.

पहिलं पुस्तक १९६४ साली रँडम हाउसने काढलं. मुखपृष्ठावर आल्फ्रेड हिचकॉकचं नाव असलं तरी मालिका सुरू केली रॉबर्ट आर्थर यांनी. पहिली नऊ पुस्तकं आणि अकरावं, अशी दहा त्यांची. मला जे म्हणायचंय ते या दहांबद्दलच.

(पुढच्या दोन परिच्छेदांत पहिल्या आणि नवव्या पुस्तकाचा रहस्यभेद आहे. वाचायची असतील त्यांनी ते सोडून पुढे जा.)

'द सीक्रेट ऑफ टेरर कॅसल'मध्ये एक ओसाड वाडा आहे. आत पाऊल टाकलं की आधी अस्वस्थ वाटतं, मग भीती, मग पळत सुटावं अशी दहशत. हा वाडा स्टीफन टेरिल नावाच्या मूकपटातल्या नटाचा. भयपटांचा मोठा नट, पण आवाज बारीक आणि बोबडा. बोलपट आले, लोक त्याच्या आवाजाला हसले आणि तो संपला. वाडा हातचा जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या मृत्यूचा बनाव केला आणि घर 'झपाटून' टाकलं. ती दहशत निर्माण होते ऑर्गनच्या पाइपांतून, कानाला ऐकू न येणाऱ्या खूप खालच्या सुरांनी. म्हणजे ज्याचं आयुष्य आवाजाने उद्ध्वस्त केलं, तो माणूस ऐकूच न येणाऱ्या आवाजाने लोकांना घाबरवतो! दहाव्या-अकराव्या वर्षी मी फक्त वाड्याला घाबरले होते. आता त्या नटाशिवाय काही दिसत नाही.

मग 'स्क्रीमिंग क्लॉक'. गजराऐवजी किंकाळी फोडणारं घड्याळ. ते बनवणारा बर्ट क्लॉक हा रेडिओवरच्या रहस्यनाटकांत किंकाळ्या देणारा कलाकार. तेच त्याचं काम. रेडिओनाटकं बंद पडल्यावर किंकाळी देणारा माणूस कुणाला हवा?

आता आर्थर यांचं स्वतःचं आयुष्य बघा. त्यांनी डेव्हिड कोगन यांच्याबरोबर 'द मिस्टीरियस ट्रॅव्हलर' हा रेडिओ कार्यक्रम लिहिला. त्याला रहस्यलेखनासाठीचं एडगर पारितोषिक मिळालं. १९५२ मध्ये तो बंद झाला, आणि त्यानंतरच्या काळात टेलिव्हिजनने अमेरिकेतलं रेडिओनाटक जवळपास पुसून टाकलं. आर्थर पुढे हिचकॉकच्या टीव्ही मालिकेसाठी लिहू लागले, हिचकॉकच्या नावाने निघणारे कथासंग्रह पडद्याआडून संपादित करू लागले. मला खात्री वाटते की टेरिल आणि बर्ट क्लॉक त्यांनी आतून लिहिले आहेत. त्यांच्या पुस्तकांतली भुतं म्हणजे काळाने बाजूला सारलेली माणसं. आणि हे सगळं उलगडणारी मुलं बसतात कुठे, तर लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंच्या ढिगाखाली. तिथलं मोडकं दुरुस्त करून पुन्हा चालतं करणं हाच ज्युपिटरचा रोजचा उद्योग.

तुम्ही वाचली असतील तर लिहा. कोणती, कुठे मिळाली, आणि आज काय वाटतं.

रविवारपेठ

वा! टेरिल आणि बर्ट क्लॉक असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

माझी सगळी वाचनं सर्क्युलेटिंग लायब्ररीतली. आर्माडाच्या पेपरबॅक आवृत्त्या, पाठीचा कणा चिकटपट्टीने जोडलेला, मागे तारखांच्या शिक्क्यांचा कागद. मी मराठी माध्यमातला. सातवीत पहिल्यांदा अख्खं इंग्रजी पुस्तक वाचलं ते 'स्टटरिंग पॅरट'. निम्मे शब्द अडायचे, पण सॅल्व्हेज यार्ड म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागलं नाही. बुधवारी आणि रविवारी भरणारा आमचा जुना बाजार पाहिलेल्या मुलाला ते दृश्य ओळखीचंच होतं: पितळी नळ, जहाजाचे दिवे, मोडके पंखे, कशाचा भाग आहे ते कळत नाही असे भाग. मॅथिल्डा काकूही ओळखीच्या. पोरगं रिकामं दिसलं की हातात काम!

आजही अप्पा बळवंत चौकात गेलो की जुन्या पुस्तकांत हात घालतोच. मिळालं तर घरी प्रत असूनही घेतो.

चाफेकळी

जुनीपानं, लेख आवडला. पण एक बाजू राहिली. 'फायरी आय'मधला भारत आठवतो का? प्लेशीवार नावाचं कुठलंसं डोंगराळ ठिकाण, तिथल्या न्यायमंदिरातलं माणिक, आणि ते परत न्यायला आलेली कपाळावर तीन ठिपके गोंदलेली माणसं. हे वाचताना मी तेव्हाही थबकले होते. आपल्याकडे असं कुणीच नसतं, हे नववीतल्या मुलीलाही कळत होतं. आता वाचलं की राग येतो. ते माणिक ५० वर्षं कुणी हात न लावता राहिलं तर त्याचा शाप संपतो वगैरे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कथांमधून उचललेलं.

दुसरं, मुली कुठे आहेत? आवडती मालिका म्हणून डोळे झाकायचे नसतात.

जुनीपानं

@चाफेकळी, डोळे झाकत नाही. 'फायरी आय'चा सांगाडा शेरलॉक होम्सच्या नेपोलियनच्या पुतळ्यांच्या गोष्टीवरून घेतलाय आणि 'पूर्वेकडचं शापित रत्न' हे तू म्हणतेस तसल्या जुन्या इंग्रजी कथांमधून आलंय. त्यातल्या भारतात भारत काहीच नाही. माझ्या मते आर्थर यांच्या दहांतलं हे सगळ्यात कच्चं पुस्तक, आणि त्याचं कारण हेच. टेरिलच्या बाबतीत त्यांना माणूस माहीत होता. इथे माणूसच माहीत नाही, म्हणून नुसते ठिपके उरले. मी ते पुस्तक मुलांना देते तेव्हा याबद्दल बोलून मगच देते.

मुलींबद्दलही तुझं म्हणणं मान्य. पुढे मालिकेच्या नंतरच्या लेखिका एम. व्ही. केरी यांनी अ‍ॅली जेमिसन आणली, 'सिंगिंग सर्पंट' आणि 'डेथ ट्रॅप माइन' या दोन पुस्तकांत. घोड्यावर बसणारी, हट्टी, ज्युपिटरला तोंडावर बोलणारी. दोनच पुस्तकांत थांबली याची मला खरोखर हळहळ वाटते. ती चौथी इन्व्हेस्टिगेटर व्हायला हवी होती.

चाफेकळी

अ‍ॅलीची दोन्ही वाचलेली नाहीत. शोधते.

गणिती

ज्युपिटरची घोस्ट-टू-घोस्ट हुकअप कुणी काढलीच नाही म्हणून लिहितोय. माझ्यासाठी मालिकेतली सर्वांत सुंदर कल्पना तीच. एखादी वस्तू किंवा गाडी शोधायची असेल तर तिघांनी प्रत्येकी पाच मित्रांना फोन करायचा. त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना. पहिल्या फेरीत १५, दुसरीत ७५, तिसरीत ३७५, चौथीत १,८७५. घरबसल्या तासाभरात शहरभर मुलांचे डोळे लागतात, आणि मुलांकडे मोठी माणसं लक्ष देत नाहीत म्हणून कुणाला संशयही येत नाही.

आठवीत मी आणि माझ्या भावाने याचा हिशेब वहीत मांडला होता. प्रश्न असा की छोट्या गावात मित्रांचे मित्र बरेचसे तेच असतात. त्यामुळे खरा आकडा याहून पुष्कळ कमी येणार. पण तो किती कमी येईल, याचा विचार करता करता मला संभाव्यतेची गोडी लागली. पुढे तोच विषय घेतला, आज तोच शिकवतो. वर्गात दरवर्षी हे उदाहरण देतो, ज्युपिटरचं नाव घेऊन.

न ऐकू येणाऱ्या सुरांबद्दल: माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकत नाही, आणि मोठ्या ऑर्गनचे सर्वांत लांब पाइप त्या सीमेच्या आसपास पोचतात. त्याने अस्वस्थ वाटू शकतं. मात्र पुस्तकातल्यासारखी माणसाला पळवून लावणारी दहशत त्यातून हमखास येते असं विज्ञान म्हणत नाही. तरी मला आर्थर यांचं कौतुक वाटतं. भुताचं उत्तर त्यांनी ध्वनिशास्त्रात शोधलं, आणि दहा वर्षांच्या वाचकाला ते समजेल यावर विश्वास ठेवला.

रविवारपेठ

@गणिती, आणि पोपटाचं ते अनुमान! पोपट तोतरा बोलतो. सगळे हसून सोडून देतात. ज्युपिटर म्हणतो, पोपटाला स्वतःचं बोलणंच नसतं, तो ऐकलेलं बोलतो. म्हणजे तोतरं बोलायला त्याला कुणीतरी मुद्दाम शिकवलंय. का? इथून अख्खी गोष्ट उघडते. सात पक्षी, प्रत्येकाच्या तोंडी एक ओळ, सगळ्या ओळी जुळवल्या की दडवलेल्या चित्राचा माग. आणि सातांतला एक पोपट नसून मैना!

स्टुटगार्टकर

धागा बघून राहवलं नाही. मी जर्मनीत राहते. इथे ही मालिका म्हणजे लहानपणची आठवण वगैरे नाही, चालू घडामोड आहे.

अमेरिकेत मूळ मालिका १९८७ मध्ये थांबली. मग मुलं थोडी मोठी करून, त्यांना गाड्या देऊन 'क्राइमबस्टर्स' काढलं, तेही १९९० मध्ये आटोपलं. जर्मनीत मात्र १९६८ पासून भाषांतरं येत होती आणि मूळ पुस्तकं संपल्यावर जर्मन लेखकांनी १९९३ पासून स्वतःच नवी लिहायला सुरुवात केली. ती आजतागायत येताहेत, एकूण संख्या कधीच दोनशेच्या वर गेली. प्रकाशक कोसमोस, माझ्याच शहरातला. ज्युपिटर इथे युस्टुस योनास आहे, पीटचं आडनाव शॉ आहे, आणि खूण म्हणून खडूने काढायचं बॉबचं प्रश्नचिन्ह हिरव्याऐवजी लाल.

पण खरं वेड पुस्तकांपेक्षा श्रुतिकांचं. ऑयरोपा नावाच्या कंपनीने १९७९ पासून कॅसेटवर नाट्यरूपं काढली. युस्टुस, पीटर, बॉब यांचे आवाज देणारे ओलिव्हर रोरबेक, येन्स वावरत्झेक आणि आंद्रेआस फ्र्योलिश तेव्हा शाळकरी पोरं होती. आज तिघं साठीच्या घरात आहेत आणि अजूनही तेच आवाज देतात. २०१४ मध्ये बर्लिनच्या वाल्डब्यूनं या खुल्या रंगमंचावर त्यांचा प्रयोग झाला तेव्हा २०,००० हून जास्त माणसं आली होती. श्रुतिका ऐकायला!

माझ्या ऑफिसात पन्नाशीचे लोक आहेत, जबाबदारीच्या हुद्द्यांवरचे, जे रोज रात्री यातला एक भाग लावून झोपतात. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मी इथे आले तेव्हा भाषा कानावर बसायला शिक्षिकेने मला बातम्या ऐकायला सांगितलं होतं. त्याने काही होईना. मग एका सहकारिणीने जुन्या कॅसेट दिल्या. गोष्ट मला आधीच इंग्रजीतून पाठ, त्यामुळे वाक्य अडलं तरी अर्थ कळायचा. माझं बोलीतलं जर्मन तिथून आलं.

जुनीपानं, तुमचं रेडिओचं निरीक्षण वाचून अंगावर काटा आला. आर्थर १९६९ मध्ये गेले. ज्या माध्यमासाठी ते आयुष्यभर लिहीत होते आणि जे त्यांच्या डोळ्यांसमोर संपलं, त्याच माध्यमात त्यांची मुलं दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत इतकी वर्षं जिवंत आहेत.

जुनीपानं

स्टुटगार्टकर, हे तुम्ही लिहिलंत यासाठीच धागा काढल्याचं सार्थक झालं. प्रकरणांचे शेवट आठवून बघा: दार बंद होतं, बाहेर कुलूप लागल्याचा आवाज येतो, प्रकरण संपलं. किंवा अंधारात कुणीतरी कुजबुजतं. सगळं कानाने लिहिलेलं आहे. पुस्तकांची नावंसुद्धा बघा. तोतरा पोपट, कुजबुजणारी ममी, किंचाळणारं घड्याळ, बोलणारी कवटी.

पेन्सिलटोक

माझ्याकडे ही पुस्तकं आलीच नाहीत, त्यामुळे आमच्या पिढीतल्या तालुक्याच्या गावातल्या पोरांचं म्हणणं मांडतो. आमचा ज्युपिटर म्हणजे फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, आमचा फाफे. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) आम्हाला सायकल, पुण्याचं विद्याभवन, सुभाष देसाई आणि ते 'ट्टॉक्' दिलं. फाफे तर्क लढवतो, पण त्याची खरी ताकद पायांत आहे. तो धावतो, उडी घेतो, पुरात शिरतो. मुलगा एकटा आणि किडकिडीत, तरी त्याच्या मागे अख्खं गाव उभं असल्यासारखं वाटायचं. पुढे सुमीत राघवनची दूरदर्शन मालिका आली, २०१७ मध्ये अमेय वाघचा चित्रपट आला. मी दोन्ही आवडीने पाहिले, पण माझ्या डोक्यातला फाफे पुस्तकातलाच राहिला.

तुमचा मुद्दा वाचून मी भागवतांचा विचार करू लागलो. ते ज्यूल व्हर्न मराठीत आणत होते, 'बालमित्र' मासिक चालवत होते, बिपिन बुकलवारसारखा पुस्तकवेडा नायक घडवत होते. पोरांना जग दाखवायची त्यांना घाई होती. आर्थर मागे राहिलेल्यांकडे वळून पाहतात, भागवत पुढे बोट दाखवतात. त्यांच्या काळाला आणि आपल्या देशाला तेच हवं होतं असं वाटतं.

खुलताबादी

पेन्सिलटोक, सुंदर.

यात फेलूदाही हवा. सत्यजित राय यांच्या या बंगाली गुप्तहेराची वेरूळमध्ये घडणारी गोष्ट मी अशोक जैन यांच्या मराठी अनुवादातून वाचली. भुवनेश्वरच्या मंदिरातून तोडलेलं यक्षीचं शिर, मूर्तींची तस्करी, आणि पाठलाग थेट कैलास लेण्यापर्यंत. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून पाहुणे आले की लेणी दाखवायला मीच. पण एखाद्या मूर्तीला डोकं का नाही, हा प्रश्न ती गोष्ट वाचेपर्यंत मला पडला नव्हता. आता पाहुण्यांना ते आधी दाखवतो.

रानवाटा

एक वेगळं मत. सगळे आर्थर-आर्थर करताहेत, पण नंतरची पुस्तकं लिहिणारे केरी आणि विल्यम आर्डेन यांनाही न्याय द्या. आर्डेन म्हणजे डेनिस लिंड्स, प्रौढांसाठीही उत्तम गुप्तहेरकथा लिहिणारे. 'मोनिंग केव्ह'मधली गुहा, डोंगर, वाऱ्याचा आवाज, ती कॅलिफोर्नियाची जमीन आर्थर यांच्याकडे इतकी जाणवत नाही. आणि केरींचं 'इनव्हिजिबल डॉग' हे माझं सगळ्यात लाडकं. कारण तिथे शेवटी सगळं सुटत नाही. झोपेत शरीराबाहेर फिरणारा तो शेजारी! चोरी उलगडते, पण त्याचं ते फिरणं खरंच घडतं असंच पुस्तक सांगतं. नियम मोडला म्हणून काही वाचक नाराज असतात. मला मात्र आजही त्या पानांवर थंडी वाजते.

जुनीपानं

रानवाटा, तेवढ्यापुरतं मी नाराज वाचकांच्या बाजूची! भीती पूर्ण वाटू द्यायची आणि मग तिचं यंत्र उघडून दाखवायचं, हा वाचकाशी केलेला करार आहे. यंत्र दाखवल्यावर भीती विरते आणि तिच्यामागचा माणूस दिसतो. केरी तो करार मोडतात. पण 'फ्लेमिंग फूटप्रिंट्स' मात्र मी कितीही वेळा वाचेन, आणि आर्डेनच्या डोंगरांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

आभाळवेडी

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो, पण पहिली तीन पानं ओढून घेणारी नसतील तर पुस्तक ठेवून देतो. यातलं कोणतं आधी देऊ? आणि जुन्या-नव्या आवृत्त्यांत काही फरक आहे का?

जुनीपानं

आधी 'स्टटरिंग पॅरट'. पहिल्याच प्रकरणात मदतीसाठी ओरडलेली हाक आहे, त्यामुळे तीन पानांची अट पूर्ण होईल. सात पक्षी शोधायचे असल्यामुळे पुढेही दर थोड्या पानांनी काहीतरी हाती लागतं. त्यानंतर 'टेरर कॅसल', मग 'स्क्रीमिंग क्लॉक'. 'फायरी आय' शेवटी, आणि शेजारी बसून.

आवृत्त्यांत फरक आहे. हिचकॉक १९८० मध्ये गेले. त्यानंतरच्या पुस्तकांत त्यांच्या जागी हेक्टर सेबॅस्टियन नावाचा काल्पनिक लेखक आला, आणि काही जुन्या पुस्तकांच्या नंतरच्या छपाईत हिचकॉक काढून रेजिनाल्ड क्लार्क नावाचा दिग्दर्शक घातला. गोष्ट तीच राहते, पण ज्युपिटर हिचकॉकच्या कचेरीत शिरून त्याचीच नक्कल करतो त्या प्रसंगातली गंमत जाते. म्हणून जुनं पुस्तक घेताना पहिलं पान उघडून बघा. प्रस्तावनेखाली हिचकॉकचं नाव असेल तर घ्या. मुंबईत असाल तर माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुनी पुस्तकं असतात, तिथे विचारा. नाहीच मिळालं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, 'पॅरट'ची एक जादा प्रत माझ्याकडे आहे.

रविवारपेठ

आणि 'क्लॉक'ची माझ्याकडे.